गाय नव्हे, गया होती ती

गयाला डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस आज सकाळी गेलं.

माझी आत्या. गया तिची धाकटी बहीण. चाळीसच्या दशकात मेडशीला पटकीची साथ आली, त्यात पोरगी गेली. गयाचा फोटो नाही. आजोबांची एक कविता तेवढी आहे.

आजोबा कापसाची गाडी हाकायचे आणि हाकता हाकता कविता करायचे. कुठे छापून आल्या नाहीत, पण पाठ पुष्कळांना होत्या. त्यांची कविता ऐकून परका माणूसही बरोबर आमच्या घरी पोचला असता. डावीकडे बरड माळ, मग पांदणीची गाडीवाट, पुढे गावची गुरं जमतात ते आखर. सगळं जागच्या जागी.

गया रोज त्या आखरावर शेण वेचायला जायची. ती गेल्यावर आजोबांनी हे केलं:

पांदणीची धूळ बसली,
आखरावर सावली.
साऱ्या आल्या घराकडे,
गया नाई आली.

मेडशीच्या पोरींनी ते भुलाबाईच्या सणाच्या गाण्यांत घेतलं. तिथून ते शिरपूरला गेलं, रिसोडला गेलं.

आणि वाटेत कुठेतरी गयाची गाय झाली.

चूक म्हणावी तर चूकही नाही. आखर म्हटल्यावर गायच येणार ना. परगावच्या पोरींना गया कुठून माहीत असणार?

आत्या लग्न होऊन रिसोडला गेली. पहिल्याच भुलाबाईला पोरींनी तिच्यासमोर तिच्या बापाची कविता म्हटली. ‘गाय नाई आली.’ ही रडायला लागली.

सासू म्हणाली, “काहून रडून राह्यली वं?”

“गाय नाई आली म्हनून.”

सगळ्या हसल्या. कित्येक वर्षं तिला त्यावरून चिडवायच्या. ती स्वतःच हे सांगताना इतकी हसायची की डोळ्यांना पदर लावावा लागायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, “आत्या, सांगत का नाहीस लोकांना? आजोबांची कविता आहे, आपली गया आहे.”

“कोनाकोनाले सांगू पोरी? म्हनू दे त्याईले गाय. मी हाय ना गया म्हनाले.”

आणि खरंच म्हणायची. पंचवीस जणी गाय म्हणायच्या, त्यात हिचा एकटीचा आवाज, गया. कोणाच्या लक्षातही यायचं नाही. मला मात्र तोच ऐकू यायचा.

गेल्या महिन्यात वाशिमला दवाखान्यात भेटले. मला ओळखलं नाही. स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हती. मी हळूच पहिली ओळ म्हटली, तशी ती पुढचं म्हणायला लागली. पांदण, आखर, एक शब्द चुकला नाही. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“साऱ्या आल्या घराकडे, गाय नाई आली.”

म्हटलं, “आत्या, गया.”

“कोन गया?”



तिनं माझा हात थोपटला. “गाय हाय ते, बाई. चुकली असंन वाट. येईन सांजंपर्यंत.”

ते रेकॉर्डिंग मी इथे टाकणार नाहीये. मागू नका.

आत्या, यंदा भुलाबाईला मी गया म्हणेन. मोठ्यानं म्हणेन, चिडवू देत.

ही श्रद्धांजली तुम्हा दोघी बहिणींना मिळून. गयाला आजवर कोणी वाहिलीच नव्हती.