न पोचलेली समई

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. मी कुंभकोणमच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक बाई आली. नवरा पितळी समया घडवायचा, ही त्या वेबसाइटवरून विकायची.

"सार, पैसे नाही मिळाले तरी चालेल," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी चोर नाही, एवढं माझ्या सासूला सांगा."

गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरतं, ते आधी पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीकडे जातात. कंपनी आपलं कमिशन कापून दोनेक दिवसांनी ते दुकानदाराच्या खात्यात टाकते. पण गिऱ्हाइकाने आपल्या बँकेत 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार केली, तर तीच रक्कम दुकानदाराकडून परत घेतली जाते. माल पोचल्याचा पुरावा मुदतीत द्यावा लागतो. कंपनीचे इंग्रजी मेल हिने जाहिराती समजून सोडून दिले होते. असं तीनदा झालं. खात्यात आलेले पैसे गेले कुठे? घरच्यांना वाटलं, हिनेच माहेरी पाठवले.

मी कुरियरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "नावं वेगळी असतात सार, पण तिरुविडैमरुदूरला पार्सल घेतात ते एकच म्हातारे गृहस्थ."

तिथल्या ठाण्याला कळवून मी शिपायासह गेलो. दारावरची पाटी वाचून पाय अडखळला. आडनाव आमच्यातलं. आमची घराणी तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात इकडे आलेली. बाहेर तमिळ, घरात जुन्या वळणाची मराठी. गृहस्थ बँकेतून निवृत्त, भजनात पुढे बसणारे. मी मुद्दाम तमिळमध्येच विचारलं, "मोराची समई मागवली होती?"

"मागवली. आली नाही. तक्रार ही माझी आणि बँकेची बाब आहे."

तेवढ्यात त्यांची बायको कॉफी घेऊन आली. तिच्या कानावर मोराच्या समईचं नावच तेवढं पडलं असावं.

"मोराची समई? ती देवापुढे अहे की," ती आमच्या मराठीत म्हणाली आणि कौतुकाने उचलून घेऊनही आली.

गृहस्थ तिच्याकडे बघेनात. मग तेही मराठीवर आले. "अपण एकच लोक. हे बाहेर जाऊं देऊं नका. नाव जाईल."

मी आईशी बोलतो ती ही भाषा. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "ठाण्यात चला," मी तमिळमध्ये म्हणालो.

मी समईचा पंचनामा केला आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. चौकशीत ते शांतपणे म्हणाले, "लहान दुकानदार अशा तक्रारींना उत्तर देत नाहीत, हे मी नोकरीतच पाहिलं होतं." नातेवाइकांची कार्डं, पत्ता मात्र स्वतःचा.

दुपारी त्यांची बायको ठाण्यात आली. फिर्यादी बाई जबाबासाठी तिथेच बसली होती. म्हातारीने तिच्यापुढे हात जोडले. बाईने ते धरले. "मामी, तुम्ही नका हो." पलीकडे बाकावर गृहस्थ शिपायाला वकिलाचा फोन लावून द्यायला सांगत होते.

संध्याकाळी मी गणवेशातच बाईच्या घरी गेलो आणि सासूला सगळं समजावलं. सासू सुनेकडे वळली. म्हणाली, "आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते," सून म्हणाली.

पुढे भेटेल त्या दुकानदाराला मी सांगत आलो, पार्सलची पोच जपा आणि कंपनीचा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या. पण त्या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच. गुन्हा करणारा नाव जाईल म्हणून घाबरला होता, लाजला नव्हता. लाजल्या त्या ठाण्यातल्या दोघी बायका, आणि त्यांच्यासमोर टेबलाआड बसलेला, त्याच्याच लोकांतला मी.