थोरल्या साडूंचे युक्तिवाद

उभ्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतकं चुकीचं बोलणारा माणूस नाही, आणि त्यांच्याइतके वाद जिंकणाराही नाही. यातला पहिला भाग मी केव्हाही सिद्ध करून देतो, कारण गेली अठरा वर्षं मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. दुसऱ्या भागाचा पुरावा मी स्वतःच आहे. एकाच घरच्या दोन बहिणी आम्ही केल्या, आणि तेव्हापासून सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत मी त्यांच्याशी हरत आलो आहे.

मुरुमला, कर्नाटकच्या सीमेलगत, त्यांचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. एकदा एक शेतकरी तणतणत आला. आठवड्यात मोटार पुन्हा जळाली होती. साडू शांतपणे म्हणाले, "मोटार जळाली म्हंजे विहिरीला पाणी हाय. पाणी नसणारा मोटार चालवंल कशाला? नशीबवान हाव तुमी, आन् रडताव!" विहीर आटली तरी मोटार जळते, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडेपर्यंत तो माणूस हसत चहा प्यायला बसलाही होता. हेल्मेट घाला म्हणून मी मागं लागलो, तर म्हणाले, "आमच्या आजोबांनी जन्मात हेल्मेट घातलं न्हाय, नव्वदीत गेले." आजोबांकडे मोटारसायकल नव्हती, हे मी दाखवून दिलं. "मग? म्या दुसरं काय सांगायलोय?" असं म्हणून त्यांनी किक मारली. आणि क्वचित कधी मराठीत अडकलेच, तर सरळ कानडीत शिरतात. मी परंड्याकडचा. मला कानडीतलं ओ की ठो कळत नाही. आजूबाजूचे हसतात, म्हणजे मी हरलो, एवढं कळतं. त्यांच्या प्रत्येक वाक्यातला हेत्वाभास मी नावानिशी ओळखतो. हा काकतालीय न्याय, हे व्यक्तीवर घसरणं, ही खोटी उपमा. पण नावं ओळखून काय उपयोग? माझी बायकोच म्हणते, "दाजी बोलायला लागले की ऐकावंसं वाटतं. तुम्ही बोललात की वही काढावीशी वाटते."

गेल्या वर्षी सास्तूरला मामांच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, पायाचा अंगठा साखरेनं काळा पडला. अंगठा काढला नाही तर पाय जाईल, आणि उशीर केला तर माणूस, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामा म्हणाले, "अख्खा आलो, अख्खा जाणार." मी रविवारी जाऊन दीड तास बसलो. कागदावर आकृती काढून एकेक मुद्दा मांडला. मामांनी मान डोलावली. "जावई, समदं पटलं."

"मग कधी जायचं?"

"कुठं?"

तेवढ्यात साडू आले. तांब्याभर पाणी प्यायले आणि मामांच्या शेजारी टेकले. "मामा, त्र्याण्णवच्या भूकंपात घर अंगावर पडलं तवा किती येळ दबून होताव?"

"दुपारपातूर."

"आन् नखाला धक्का न्हाय! भूकंपानं जे नेलं न्हाय, ते डॉक्टर काय नेतोय?"

अहो, अंगठा नेतोय! त्यासाठीच तर चाललंय सगळं! मी ओरडणारच होतो. त्या एका वाक्यात मी चार दोष मोजले होते. पण मामा खदखदून हसले आणि आत बघून म्हणाले, "अगं, धुतलेलं धोतर काढ." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी पोटात दुखलं.

ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघंच होतो. साडूंच्या हातातला चहा गार होऊन त्यावर साय धरली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, तुमी शिकवताव म्हणून इचारतो. म्या मामांला जे बोललो... भूकंपातनं वाचलेला माणूस असल्या ऑपरेशनात जात न्हाय. असं असतंय ना?"

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो. उत्तर तयार होतं, दोषाच्या नावासकट. पण तारेनं चिरलेल्या बोटांनी तो कप घट्ट धरून ते बंद दाराकडं बघत होते.

"असतंय," मी म्हणालो. "शास्त्रात आहे तसं."

"तुमी म्हणताव म्हंजे असणार," म्हणून त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला.

मामा बरे झाले. काठी टेकत रानात जातात, आणि आल्यागेल्याला सांगतात की थोरल्या जावयानं वाचवलं. मी तिथंच बसलेला असतो. साडू मिशीतल्या मिशीत हसतात, आणि माझा जळफळाट होतो, अजूनही. पण बाकड्यावरची ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही.