कायदा माझ्याच मळणीयंत्राला

"यंत्र सोड. हातानं वढून बाजूला घे."

सेनगावच्या नाक्यावर पोलीस मला असं बोलला. सोयाबीनचा हंगाम होता. पिकअप माझी, चालवणारी मीच. मागं आमचं इंजिनवालं छोटं मळणीयंत्र जोडलेलं. शेजारी आई. आमी साखऱ्याच्या बौद्धवाड्यातल्या मायलेकी. लोकांची मळणी करून पोट भरतो.

"घरच्या गाडीमागं यंत्र वढायला परवानगी लागते. मागं लाल दिवा न्हाई. नुसतं लाल फडकं बांधून चालत न्हाई."

बराबर होतं त्याचं. मी वाद घातला न्हाई. आईनं पदर खोचला, मी यंत्राचा दांडा धरला. लोखंड तापलेलं. दोघी बैलासारख्या वढू लागलो. टपरीवरचे लोक बघून राहिले. एकानं फोन काढला.

तेवढ्यात आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा आला. त्याची बी घरचीच पिकअप, नवीकोरी. मागं आमच्या दुप्पट मळणीयंत्र. दिवा न्हाई. फडकं बी न्हाई. पोलिसानं हात वर केला. अडवायला न्हाई, रामराम घालायला.

मला राग आला न्हाई. मी जळले. खोटं कशाला बोलू? गाडीवर न्हाई, काचेबाहेर टाकलेल्या त्याच्या कोपरावर जळले. कसं निवांत टेकलेलं! खाकी दिसली की माझे खांदे आखडतात. लायसन असून आखडतात. त्याचे जन्मात आखडले नसतील. मला ते कोपर पायजे होतं.

आमचं यंत्र अजून अर्ध्या रस्त्यात होतं. त्यानं हॉर्न दिला. आईकडं बघून म्हणाला,

"ए म्हातारे, वढ जोरात. सवय हाय तुमाला."

आईनं मान खाली घातली अन् वढलं. खरंच जोरात वढलं.

ते बघितलं अन् माझ्या हातातून दांडा सुटला.

"आई, सोड."

"पोरी, तमाशा नको."

"सोड म्हणते ना!"

मी त्याच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिले. पोलिसाला म्हणलं, "साहेब, माझं चुकलं, माझी पावती फाडा. आता ह्याची बी फाडा."

"त्यायचं येगळं हाय."

"काहून?"

तो माझी पावती लिहायला लागला. मागं एसटी थांबली, जीपा थांबल्या. हॉर्नवर हॉर्न. मी हलले न्हाई. लई वेळ हलले न्हाई. शेवटी पाटलाच्या पोरानं शिवी दिली, गाडी मागं घेतली अन् दुसऱ्या रस्त्यानं निघून गेला. पावती एकच फाटली. माझी.

तवापासून पाटलाच्या भावकीतलं कुणी आमाला मळणीला बोलवत न्हाई. आई म्हणते, झालं गेलं सोड. मी सोडत न्हाई. परवानगी काढली. दिवा लावला. जळणं बी तसंच हाय, ते मी विझू देणार न्हाई. पण त्याच्यासारखी सूट आता मला नको. पुन्हा तो तसाच आला, तर मी माझी गाडी रस्त्यात आडवी घालीन. पोलीस त्याला खाली उतरवंल, तवाच काढीन.