सगळ्यांनी उतरायचा चढ

दीपमालेला गाडी कोणी शिकवली, असं विचारलं की ती म्हणते, "नवऱ्यानं. बापाले कुठं फुरसत होती!" नागपुरात सदरमधल्या एका शाळेची व्हॅन ती वर्षानुवर्षं चालवते आहे. बाप दादाजी म्हणजे रामटेककडच्या टेकड्यांतल्या मँगनीजच्या खाणीवरचा पट्टीचा जीप डायव्हर. पण पोरीला त्यानं स्टेअरिंगला हात म्हणून लावू दिला नाही. शिकवलं ते पोराला, मोहितला. अन् मोहित आता पुण्यात भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून हापिसात जातो. घ्या!

खाण बंद पडली तेव्हा लिलावात निघालेली जीप दादाजीनं घरी आणली. दर खंडेनवमीला ती घेऊन तो टेकडीवरच्या खाणमाय देवीच्या ठाण्यावर जायचा, कारण खाणीतले सगळे डायव्हर तिथंच गाड्या पुजायचे. बाकीचे एकेक करून गेले, हा एकटा जात राहिला. अन् औंदा डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवणं साफ बंद केलं.

"अंगणातच पुजून टाकू," म्हातारा म्हणाला, अन् ताटावरून उठला.

"काहून? मी नेते न."

"व्हॅन नोहे ते. तो रस्ता पोरीबाळीचा नाही."

"पन्नाशीले आली मी, बाबा."

किल्ली तिनं उचललीच. खाणमायसाठी नव्हे, खोटं कशाला बोला. आपण गाडी चालवतो आहोत अन् शेजारी बाप निवांत बसला आहे, एवढं एकदा तिला बघायचं होतं.

निवांत कसला! डांबर संपलं अन् म्हातारा सुरू झाला. पावसानं वाट पार कापून काढली होती. मधोमध नाली, बाजूला काळी खडी, चाक ठेवावं तिथून निसटायचं. "दगडावर चढव, नालीत नको घालू. क्लच सोड. हळू वं!" दीपमाला ओठ मिटून चालवत होती. व्हॅनमधली वीस पोरं परवडली, पण हा एक नको, असं तिला झालं.

मग तो चढ आला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खाणीचा जुना खड्डा, हिरव्या पाण्यानं भरलेला. खाणीतला नेम असा की इथं सगळ्यांनी उतरायचं अन् गाडी एकट्या डायव्हरनं चढवायची. गाडी खड्ड्यात गेली तर जीव एकट्याचाच जाईल. दादाजीनं खाणीच्या साहेबाला उतरवलं होतं, अन् दीपमाला पोटात असताना तिच्या आईलाही उतरवलं होतं.

दीपमालेनं हँडब्रेक ओढला. "उतरा बाबा. मी वर थांबते."

"नाही उतरत. गुडघे दुखून राहिले."

"नेम हाये न तुमचाच."

"खाणच नाही राहिली तं कायचा नेम? चल."

गुडघे की आणखी काही, तिला कळेना. एकटी असती तर बिनधास्त गेली असती. आता शेजारी बाप होता. तिनं हँडब्रेक सोडला. अर्ध्या चढावर मागचं चाक गरगरलं अन् जीप खड्ड्याच्या बाजूला सरकली. आता बाप ओरडणार, असं वाटलं. तो ओरडला नाही. तिनं गाडी हळूच मागं येऊ दिली, चाकाला दगड लागला तसा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, अन् जीप कण्हत कण्हत वर आली.

वर हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, नारळ फुटला. म्हाताऱ्याच्या तोंडून शाबास काही निघालं नाही. शाबास म्हणायला काय पैसे पडतात! दीपमाला खट्टू होऊन परत स्टेअरिंगवर बसली.

चढापेक्षा उतार वाईट, हे कोणताही डायव्हर सांगेल. त्याच्या तोंडाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "बाबा, आता तरी उतरा."

तिनं वळून पाहिलं. दादाजी झोपला होता. मान कलंडलेली, तोंड उघडं, बारीक घोरणं चालू. हा माणूस एसटीतसुद्धा डोळा लागू देत नसे. डायव्हरच्या मागची सीट धरून, परक्याच्या हाती जीव म्हणून, नागपूरपर्यंत रस्ता राखत बसायचा.

दीपमालेचे डोळे भरून आले. ते पुसल्याशिवाय रस्ता दिसेना, म्हणून तिनं ते आधी ओढणीनं नीट पुसले. मग तीच ओढणी घडी करून बापाच्या डोक्याशी दारावर लावली, अन् पहिल्या गिअरमध्ये, त्याला धक्का लागू न देता, जीप खाली सोडली.