टाकीचा सभासद

"तोंडानं नको. ठराव टाक."

असं म्हणून तो मोबाईल तळहातावर उलटा ठेवायचा आणि समोरच्याकडे असा बघायचा, की आपण बोललो हीच चूक झाली असं वाटावं. पंखा वाढवू का, एवढं विचारलं तरी हेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या वाट्याला तो खोलीसकट आला होता.

नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही कॉलेजची पोरं राहतो. गच्चीवर सगळ्यांत मिळून एकच टाकी आणि नळाला दिवसाआड पहाटे पाणी. टाकीवरून कायम भांडणं. कुणी बादल्या भरून लपवायचा, कुणाच्या अंगावर साबण तसाच वाळायचा. शेवटी खाली राहणारे घरमालक काका म्हणाले, "एक पुढारी नेमा, तो मोटार बघंल. परत कालवा ऐकू आला तर खोल्या खाली करा."

मी घाबरलो. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. पारनेरच्याही पुढं असलेल्या आमच्या गावाहून रोज ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं. खोली गेली की कॉलेज गेलं.

"पुढारी न्हाई नेमायचा," तो म्हणाला.

तो राजूरकडचा. शिकायचा कॉम्प्युटर, पण वाचायचा भलतंच. गायरान, तलाव, जंगल अशा सामाईक गोष्टी ठिकठिकाणचे लोक आपापसांत नियम करून कशा टिकवतात, हे त्याने वाचलं होतं. शिवाय इंटरनेटवर अध्यक्ष नाही, ऑफिस नाही, नुसत्या सभासदांच्या मतांवर चालणाऱ्या संस्था असतात, हेही त्यानेच आम्हाला सांगितलं. "पण त्या भांडून बुडत्यात. त्यांना तळ्यावरचे नियम ठाऊक न्हाईत. आपण दोन्ही जोडू."

"तुमच्याकडं धो धो पाऊस पडतो. तुला काय कळतंय पाण्यातलं?" शेजारच्या खोलीतला शेवगावचा पोरगा म्हणाला.

"उन्हाळ्यात ये. आई हंडा घेऊन किती खाली उतरती ते बघ."

त्याने मोटारीचं बटण काढलं आणि ती सगळ्यांच्या मोबाईलशी जोडली. निम्म्याहून जास्त जणांनी 'हो' दाबलं की मोटार आपोआप सुरू होणार.

पहिल्याच पहाटे पाणी आलं. जागा होता फक्त तोच. त्याने आपला 'हो' दाबला आणि शांतपणे वाट बघत बसला. पाणी येऊन गेलं. आम्ही कोरडे उठलो.

"अरे, दार तरी वाजवायचं," मी म्हणालो.

"मतदाराला उठवणं म्हंजे दबाव."

काकांनी जिन्यातून विचारलं, "काय रे, तुमच्या संस्थेला आंघोळ घालायची का? बादलीभर देतो."

तो जराही ओशाळला नाही. नियम वापरणाऱ्यांना झेपेल असाच असावा, हेही त्याच्या वाचनात होतंच. नवा ठराव आला: मोटारीला तिघांची मतं पुरे, सभासद घ्यायचा किंवा काढायचा असेल तरच सगळ्यांची.

मग शिक्षा ठरल्या. पहिल्यांदा चुकला तर सगळ्यांनी चेष्टा करायची, दुसऱ्यांदा जिना झाडायचा, तिसऱ्यांदा आंघोळीला शेवटचा नंबर. पहिला चुकला तोच. मुलाखतीचा शर्ट धुताना नळ चालू राहिला. तो मधल्या जागेत येऊन उभा राहिला.

"करा चेष्टा."

तेवढ्यात काका खालून ओरडले, "राजूरचा धबधबा आला वाटतं नगरात." आम्ही पोट धरून हसलो.

"काका सभासद न्हाईत," तो गंभीरपणे म्हणाला. "ही चेष्टा धरता येत न्हाई." मग त्याने प्रत्येकाकडून तेच वाक्य स्वतःला ऐकवून घेतलं. माझ्या तोंडून ते इतकं अदबीनं निघालं, की मला परत म्हणायला लावलं.

त्यानंतर कालवा थांबला. काकांनी खोल्या खाली करायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. शर्ट उपयोगी पडला. तो गेला त्याच आठवड्यात मोबाईलवर ठराव आला: 'मी हे पाणी वापरत नाही. ज्याला वापर नाही त्याला मत नको. मला काढून टाका.'

त्याच्या नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. सगळ्यांनी वाचलं. कुणीच काही दाबलं नाही. तसं काही ठरलं नव्हतं, आम्ही याबद्दल एकमेकांशी बोललोही नव्हतो.

त्याचा मला फोन आला. "मत का टाकत न्हाईस?"

"विचार करतोय."

"त्यात कसला इचार?"

"मतदारावर दबाव आणू नको," मी म्हणालो. माझ्यासारख्याने त्याला असं उत्तर दिलेलं हे पहिलंच. त्याने फोन ठेवला.

ठराव अजून तसाच पडून आहे. आणि जोवर सभासद आहे तोवर मत देणं भाग आहे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे नळ सूं सूं करायला लागला की अंथरुणातच मोबाईल उजळतो. पुण्याहून पहिला 'हो' आलेला असतो. आमच्या नळाचा दिवस तो तिकडे कसा लक्षात ठेवतो, कोण जाणे. दुसरा 'हो' माझा. तिसरा शेवगावच्या पोराचा, जांभई देत. मग जिन्याखाली मोटार घरघरायला लागते.