पुरासाठी बांधलेल्या पायऱ्या

जालन्याहून सुटलेल्या लाल एस.टी.त मला जागा मिळाली ती मोसंबीच्या पोत्यावर पाय ठेवून बसायची. पोतं ज्यांचं होतं ते आजोबा माझ्या चपलांवरून नजर काढेनात. शेवटी मी चपला काढून मांडी घातली, तेव्हा कुठे त्यांनी पोत्यातून दोन मोसंबी काढून माझ्या हातात दिली. सोलायला गेले तर रस थेट नव्या साडीवर. सगळी बस हसली, आणि मलाही हसू आलं.

निघाले होते मामेभाऊ विजूकडे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तो नगरपालिकेत अभियंता आहे. (गावाचं नाव लिहायचं नाही, ही त्याची अट.) नदीकाठची बाग नव्यानं बांधतोय, ये बघायला, असं सांगून त्यानं फोनवर माझं डोकं खाल्लं होतं. नवरात्राच्या तोंडावर घर सोडून निघाले म्हणून सासूबाई नाराज होत्या, ते वेगळंच.

स्टँडवर रशीदभाईंची रिक्षा मिळाली. बागेजवळ सोडा म्हटल्यावर ते मागे वळले.

"कोन्ती बाग बाई? जुनी तर पुरात गेल्ती. नवी म्हनाल तर तिथं नुसत्या पायऱ्याच हायेत."

"मग चांगल्या आहेत की वाईट?"

"ते पूर आल्यावर बोलू. आत्ताच कशाची जल्दी?"

विजूनं मला चहाही न देता काठावर नेलं. जुन्या बागेला नदीच्या बाजूनं उंच भिंत होती. मोठा पूर आला की पाणी भिंतीवरून आत यायचं आणि आतच अडकायचं. मग बाग आणि तिच्यामागची खालची गल्ली कितीतरी दिवस पाण्यात. शेवटी एका पुरात भिंतच कोसळली. विजूनं तिथल्या एका तुकड्यावर काठ खाली उतरवून रुंद दगडी पायऱ्या केल्या होत्या. खालची पायरी पाण्यासाठी, मधली बसण्याफिरण्यासाठी, वर करंज, जांभूळ आणि मुलांचे झोके.

"नदीला पसरायला जागा द्यायची, ताई. येईल तशी जाईल."

पण उरलेल्या काठाचं अजून ठरलं नव्हतं. पालिकेतल्या निम्म्या लोकांना पुन्हा भिंतच हवी होती. अध्यक्ष येऊन बघणार होते आणि त्यांचा प्रश्न एकच होता: पूर गेल्यावर गाळ कोण काढणार? त्यासाठी माणसं नेमायची पालिकेची ऐपत नव्हती. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा भिंत, आणि खालची गल्ली पुन्हा पाण्यात. माझा हा भाऊ लहानपणी पतंग कटला तरी जेवायचा नाही; आताही त्याचं तोंड तसंच झालं होतं.

घरी त्याच्या बायकोनं, सुनीतानं, येसर आमटी (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्यांच्या पिठाची) आणि ज्वारीची भाकरी वाढली. अशी आमटी असेल तर माणसानं कुठल्याही काळजीत दोन भाकऱ्या जास्त खाव्यात. मी खाल्ल्या. विजूनं नाही.

सकाळी मी आणि विजू काठावर गेलो. खालच्या पायरीवर बायकांची ही गर्दी! घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही इथली रीत. जुन्या भिंतीमुळे बायकांना लांबच्या पुलाखाली जावं लागायचं. आता पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या, मग कोण ऐकतंय? मधल्या पायरीवर लाल, हिरव्या, ठिगळांच्या गोधड्या वाळत पडल्या होत्या.

"अहो, ही बाग आहे!" विजू ओरडला. "इथं बाकं बसवायचीत!"

खालच्या गल्लीतल्या रुक्मिणबाईंनी हातातलं धोपटणं थांबवलंदेखील नाही. "मंग बसवा की सायेब. आमी कुठं न्हाई म्हनलो? पर घट झाल्यावर बसवा."

अध्यक्षांनी हे पाहिलं तर संपलंच, असं विजू सारखं म्हणत राहिला. त्याची कटकट ऐकण्यापेक्षा मी समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, जाऊन आले. देवळात शांत बसले, भावासाठी चार शब्द बोलले. परतताना आभाळ असं फाटलं की ओढ्याच्या अलीकडे एस.टी. थांबली. कंडक्टर म्हणाला, "पानी वसरल्याबिगर गाडी हलत न्हाई." ओढ्याची मला भीती नव्हती, मला त्या पायऱ्या दिसत होत्या.

संध्याकाळी पोचले तेव्हा विजू काठावरच उभा होता, चिंब. पाणी मधल्या पायरीपर्यंत चढलं होतं, पण तिथेच थांबलं. खालची गल्ली कोरडी होती. रशीदभाई रिक्षा थांबवून बघत होते. "आता बोलतो बाई," ते म्हणाले, "काम बराबर झालं." विजूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

सकाळी पूर ओसरला आणि मागे राहिला घोटाभर गाळ. दुपारी अध्यक्ष येणार. रोजंदारीची माणसं बाजरी काढायला रानात गेलेली. विजू एकटाच फावडं घेऊन उतरला. मीही पदर खोचला. आम्ही दोघांनी पायरीचा एक कोपरासुद्धा साफ केला नसेल, तोच रुक्मिणबाई गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन आल्या. घमेली, खराटे, बादल्या. वाटेत उभ्या विजूला त्यांनी बाजूला सारलं आणि त्याला, नदीला, पावसाला सारखंच रागवत त्या गाळ ओढू लागल्या. घमेली वरच्या झाडांच्या आळ्यांत रिकामी होत होती.

अध्यक्षसाहेब आले तेव्हा दगड चकचकत होते आणि धोपटण्यांचा आवाज सुरू झाला होता.

"हे कुणाच्या हुकमानं?" त्यांनी विचारलं.

रुक्मिणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हुकूम कशाचा सायेब? उद्या घट बसनार. अर्ध्या गोधड्या धुवायच्या ऱ्हायल्यात. दगडं साफ नगं व्हय?"

"हे यंदाचं झालं. पुढच्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी घट बसत न्हाईत का?"

अध्यक्ष मोठ्यानं हसले. विजूकडे वळून म्हणाले, "साहेब, इथली बाकं बसवूच नका. तिथं धुण्याचे दगड घाला. आणि पुढच्या काठाचं असंच करा." विजूनं खिशातून पेन्सिल काढून हातातल्या नकाशावरची बाकं तिथल्या तिथे खोडली. इतक्या आनंदानं स्वतःचं काम खोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घट बसले त्या दुपारी मी निघाले. बसच्या खिडकीतून कपाशीची रानं मागे पडत होती. बाग म्हणजे फुलं, कारंजी आणि 'हात लावू नये'ची पाटी, असंच मी आजवर धरून चालले होते. ज्यांना काठाची गरज आहे त्यांना काठावर येऊ दिलं तर तेच तो राखतात, इतकी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांना गाळात उभं राहून कळली.

दिवाळीच्या आत विजूचा फोन आला: पुढच्या काठाचं खोदकाम सुरू झालं. त्याच दिवशी मी न्हाणीघरात गोधडी भिजवून बसले होते. ओली गोधडी एकटीला उचलेना, पिळणं तर दूरच. शेवटी शेजारच्या कुलकर्णीबाईंना हाक मारली. त्यांनी दुसरं टोक धरलं आणि पिळता पिळता मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली.

"आपल्या ओढ्यालाही भिंतच घालणार आहेत म्हणे," त्या म्हणाल्या. "उद्या कचेरीत विचारून यायचं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वाटेत आणखी तिघी आल्या.