सायखेड्याचा खरं बोलणारा

नाशिकला माझ्या बी.ए.च्या वर्गात सायखेड्याचा एक मुलगा होता. त्याच्याइतका खरं बोलणारा, आणि त्यामुळेच त्याच्याइतका गैरसोयीचा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अवघे पाचजण. एकीला मानसशास्त्राला जागा मिळाली नव्हती (ती मी), दोघं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून आलेले, एकाला आपला विषय कोणता हे दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं, आणि फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात आपल्या हातानं 'तत्त्वज्ञान' लिहिणारा हा एकटा. सरांचाही विश्वास बसेना. "चुकून तर नाही ना लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "चूक आहे की नाही ते शिकल्यावर कळेल, सर," हा म्हणाला. तेव्हापासून सर त्याच्याशी जरा जपूनच असत.

हजेरीला आम्ही 'येस सर' म्हणून मोकळे व्हायचो. हा आधी विचार करायचा. एकदा म्हणाला, "शरीरानं हजर आहे, सर. मन अजून बसमध्ये आहे." सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग अर्धा दिवस लावू का?" त्यावर हा गंभीरपणे म्हणाला, "चालेल." मी एकदा नवा ड्रेस घालून गेले आणि कसा दिसतो म्हणून सहज विचारलं. तो काही न बोलता निघून गेला. दोन दिवसांनी लायब्ररीच्या जिन्यात गाठून म्हणाला, "विचार केला. रंग चांगला आहे. बाकी मत राखून ठेवतो." मिसळ खायला गेलं तरी तेच. आधी रस्सा संपायचा, मग शेव संपायची, हा दोन्ही वाढून घ्यायचा आणि अर्ध्यावर आल्यावर घास हातात धरून म्हणायचा, "आता हिच्यात पहिलं काहीच उरलं नाही. मग ही तीच मिसळ म्हणायची की दुसरी?" हॉटेलवाले काका गल्ल्यावरून म्हणाले, "दुसरी म्हणशील तर दुसऱ्या प्लेटचं बिल होईल." त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "तीच आहे." तीन वर्षांत एवढ्या झटपट निष्कर्षाला आलेलं मी त्याला पाहिलं नाही.

अशा या माणसाच्या गळ्यात एक खोटं अडकलं होतं. प्रवेशाच्या दिवशी त्याचे वडील, म्हणजे आप्पा, मार्केटला कोथिंबीर उतरवून पिकअप घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आले. गाडी चालूच. त्यांनी खिडकीतून विचारलं, "कशाला घातलं नाव?" हा म्हणाला, "तत्त्वज्ञानाला." मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आप्पांनी ऐकलं 'तंत्रज्ञानाला'. "लय भारी!" म्हणाले, आणि गाडी गिअरमध्ये टाकून निघून गेले. संध्याकाळी हा घरी पोचेपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले होते.

"मी खोटं बोललो नाही," तो मला पहिल्या वर्षी सांगायचा. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागला, "त्यांनी चुकीचं ऐकलं ते दुरुस्त केलं नाही, एवढंच." तिसऱ्या वर्षी नुसताच विचारायचा, "गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच का गं?" आमच्या अभ्यासक्रमात तो प्रश्न होताही. पाच मार्कांना. पण तो पाच मार्कांत मिटणारा नव्हता, कारण दर शनिवारी हा घरी गेला की ओट्यावर गावातले मिक्सर, टेबलफॅन, फवारणीचे पंप, एकदा तर गावातल्या विकास सोसायटीच्या कचेरीतलं बंद पडलेलं घड्याळसुद्धा त्याची वाट बघत बसलेलं असायचं. हा प्रत्येकाला खरं सांगायचा, "मला यातलं काही कळत नाही." लोक त्याला विनय समजायचे. शेजारच्या काकू म्हणत, "एवढा शिकला, पन गर्व नाय पोराला." एकदाच आप्पांच्या आग्रहाखातर त्यानं नदीवरच्या मोटरच्या स्टार्टरला हात लावला. त्यानंतर अख्ख्या वस्तीची वीज दीड दिवस गेली. आप्पा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागले, असं त्याचं म्हणणं.

शेवटच्या वर्षी, परीक्षेला दोन महिने राहिले असताना, तो वर्गात आला तोच पांढराफटक. आप्पांनी गावातल्या चौकात त्याच्यासाठी गाळा घेतला होता. मोटर रिवाइंडिंग आणि इलेक्ट्रिकच्या कामांचा. बोर्ड रंगवायला टाकला होता, आणि पाडव्याला नारळ फोडायचा होता. "रविवारी सांगून टाकतो," तो म्हणाला. "पण तू चल. एकटा गेलो तर मी परत नुसता ऐकून येईन."

रविवारी त्याच्या गाडीवर मागे बसून मी सायखेड्याला गेले. ओट्यावर आप्पा खाटेवर बसलेले, मोठ्या मिशांचे, रुंद हाडाचे. त्याच्या आईनं पाणी दिलं आणि मेथी निवडत समोरच बसली. यानं घसा साफ केला. "आप्पा, एक सांगायचंय. तीन वर्षं लपवलं. मनाला फार लागून राहिलंय. आज हिला बरोबर आणलंय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही."

आईनं पदर सावरला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आप्पांचा चेहरा हळूहळू बदलला. ते मला म्हणाले, "पोरी, तुझ्या घरी म्हाईत हाय का हे?"

माझ्या हातातला पेला सांडायचाच राहिला. "नाही हो काका! तसलं काही नाही! मी नुसती सोबत आलेय!"

"तसलं काय नाही," हाही घाईघाईनं म्हणाला. "आप्पा, मी तंत्रज्ञान शिकत नाही. तत्त्वज्ञान शिकतो."

"म्हंजे?"

"म्हणजे खरं काय, बरं काय, माणसानं कसं वागावं, याचा विचार."

"आन मोटरीचं?"

"काहीच नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

आप्पा उठून उभे राहिले. याचे खांदे आत गेले. मी मनातल्या मनात नाशिकची शेवटची बस किती वाजता असते ते आठवायला लागले. आप्पा बायकोकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का गं? त्याला शिकवलंच नव्हतं!"

ती माउली मेथीची जुडी तशीच मांडीवर टाकून डोळ्यांना पदर लावून रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. आप्पा खाटेवर धपकन बसले. "अरे, मला दोन वर्षं झोप नाय! तीन वर्षं नाशिकला शिकून पोराला साधा फ्यूज बसवता येईना. मला वाटलं, पोराच्या डोक्यातच काही खोट हाय. लोकांना काय सांगू, तुला काय बोलू? म्हनून गाळा घेतला. म्हनलं, आपल्या डोळ्यापुढं राहील, संगं एक कारागीर ठेवू, तो मोटरी बघील, हा नुसता बसंल."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू कुठं बोलला?" आप्पा म्हणाले. मग खाली बघत, "मला वाटलं, तुला वाईट वाटंल."

आईनं आत जाऊन भाकरी टाकल्या आणि मला बळंबळं तीन खायला लावल्या. जेवताना आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यात पोट भरतं का रे?" हा म्हणाला, "माहीत नाही." आप्पांनी मान हलवली. "बरं. खरं सांगितलंस, आता बघू."

पोट भरलं. तो पुढे एम.ए., बी.एड. झाला, आणि आता कळवणला कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. गाळा चुलतभावानं घेतला, त्याचं बरं चाललंय. आप्पा म्हणे गावात सांगतात, "आमचा पोरगा इचार करायला शिकवतो, त्याला हत्यारं लागत नाय." त्याचं लग्न झालं, मुलगी आहे. माझंही सगळं ठीक आहे. बँकेत नोकरी आहे, घर आहे, माणसं आहेत. आमचे फोन आधी आठवड्याला व्हायचे, मग महिन्याला, आता दिवाळीला होतात.

मागच्या महिन्यात कामानिमित्त कॉलेजच्या बाजूला गेले होते. वेळ होता म्हणून आत शिरले. आमच्या वर्गाच्या खोलीत आता कॉम्प्युटर मांडलेत, पडदे लावलेत. मी खिडकीशी थोडा वेळ उभी राहिले. तिथला नवा शिपाई जवळ येऊन अदबीनं म्हणाला, "कोण पाहिजे होतं, मॅडम?"

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि फाटकापर्यंत चालत येताना लक्षात आलं, की ते काही अगदी खरं नव्हतं.